रंग आणि फर्निचर दिवाळीनंतर
ठाण्याहून रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात नव्या घरी आलात, अभिनंदन! रंग आधी की फर्निचर, असं विचारलंत. माझ्या मते दोन्ही दिवाळीनंतर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात भिंतींचा जांभा दगड पाणी पितो. भिंतींना एक पावसाळा खाऊ द्या, ओल कुठून येते ते कळेल. आत्ता खर्च करायचाच तर नैऋत्येला पत्र्याची पडवी बांधून घ्या. झड तिकडूनच येते, शिवाय कपडे वाळवायला जागा होते (चार महिने घरात दुसरा विषय नसतो). विहिरीला मे महिन्यात पाणी किती उरतं ते शेजारच्या काकूंना विचारा, बिल्डरला नको. आणि सोडे, सुकट अशी सुकी मासळी आत्ताच भरून ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मग खाडीत मिळेल ते.