मदत हवी आहे: खांड गेलेल्या (बांध फुटलेल्या) खारजमिनीत तिवरं (कांदळवन) वाढली, आता काठा (मातीचा बांध) बांधता येतो का?

नमस्कार मंडळी,

पेण तालुक्यातल्या खारेपाटात खाडीला लागून आमची वडिलोपार्जित शेती आहे. सातबारा घरच्याच नावांवर. समुद्रकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) एका उधाणात खांड गेली, ती वेळेत बांधली गेली नाही, आणि राता (खारजमिनीतला तांबडा भात) पिकायचा तिथे आज माणसाच्या डोक्यावर गेलेलं तिवरांचं रान आहे. जुन्या उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) तोंडाशी चिखलातून श्वासमुळं इतकी दाट वर आलीत की पाऊल टाकायला जागा नाही. त्यातच बारीक कोळंबी आणि जिताड्याची पिल्लं दिसतात.

आम्हाला ही झाडं तोडायची नाहीत, हे आधीच सांगते. भराव टाकून देतो म्हणणारे दलाल येऊन गेले, त्यांना घरातल्या सगळ्यांनी नाही म्हटलं. काळजी वेगळी आहे. आमच्या खांडीतून येणारं पाणी आता शेजाऱ्यांच्या आतल्या काठ्याला लागतं, दर मोठ्या भरतीला माती सुटते. तो काठा गेला तर त्यांचंही भात जाईल.

वाचून जे कळलं ते असं. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचं क्षेत्र कितीही असो, ते सीआरझेड-१ (किनारा नियमन क्षेत्रातला सर्वात कडक संरक्षणाचा वर्ग) मध्येच येतं आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, असं म्हटलं. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत मात्र ५० मीटरची अट १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला आहे. शिवाय १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध असेल तर भरतीरेषा बांधापर्यंतच धरायची, पण बांधाच्या आत खारं पाणी शिरून वाढलेलं कांदळवन तरीही सीआरझेड-१अ, म्हणजे त्याच कडक वर्गात. आमचा काठा त्याहून कितीतरी जुना आहे.

आता अडचण अशी की खांड पूर्ण बुजवली तर भरतीचं पाणी तुटून तिवरं सुकतील, म्हणजे कुऱ्हाड न लावता झाडं मारल्यासारखंच. जुन्या जागी काठा बांधून उघाडीतून पाणी खेळतं ठेवलं तर परवानगी मिळते का? की रान तसंच सोडून त्याच्या मागे नवा काठा घालावा? पण मग ५० मीटरचा पट्टा शेजाऱ्यांच्या पिकत्या शेतात जातो, आणि त्यांनी काय गुन्हा केला? अर्ज कोणी करायचा, मालकाने की ग्रामपंचायतीने? एका कार्यालयात तोंडी "बांधून घ्या, कोण बघतंय" असं उत्तर मिळालं, त्यावर विसंबायची हिंमत नाही.

प्रतिसाद:
ताई, तोंडी परवानगीवर एक घमेलं मातीही टाकू नका. आधी मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात तुमचा गट नंबर कुठे पडतो ते बघा. मग काठा सरकारी खारभूमी योजनेतला आहे की खाजगी, ते खारभूमी विभागाकडून लेखी घ्या. सरकारी असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांनीच पाठवायला हवा, तुम्ही का खर्चात पडता? ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीकडे द्या, तिथे मच्छीमारांचेही प्रतिनिधी असतात. एकही झाड जाणार असेल तर मात्र विषय उच्च न्यायालयात जातो. बुलेट ट्रेनलासुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये तिथूनच परवानगी घ्यावी लागली. कांदळवन कक्षाला पाहणीसाठी आजच पत्र द्या.

धागाकर्ती:
खूप आभार. ग्रामसभेत विषय मांडतेच. काठ्याच्या जुन्या नोंदी तलाठी दप्तरात मिळतात की भूमी अभिलेखात? १९९१ पूर्वीचा पुरावा म्हणून कोणी काय जोडलं होतं, तेही सांगा. आणि उघाडीतून पाणी चालू ठेवून रीतसर परवानगीने काठा बांधलेलं गाव कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा, आम्ही येऊन बघू.