मदत हवी आहे: मुलीची पहिली क्लब जलतरण स्पर्धा, हीट-लेन-एनटी काही उमजत नाही

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातून लिहितोय. मुलगी दहा वर्षांची. पाठीला डबा बांधून आजोबांनी शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं, आता बेळगावच्या एका क्लबात जाते. सरांनी बेंगळूरला बसवनगुडीच्या स्पर्धेत नाव घातलंय, 50 मीटर फ्रीस्टाइल आणि 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक. फॉर्मवर वेळेच्या रकान्यात ‘एनटी’ लिहिलंय. यानं तिचं नुकसान होतं का? लेन कोण ठरवतं? हीटमध्ये पहिली आली की मेडल मिळतं का?

खरी काळजी वेगळीच आहे. मागे एका शालेय स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकला ती सगळ्यांच्या आधी पोचली. टाळ्या पडल्या, आणि यादी लागली तेव्हा नावापुढे डीक्यू. का, ते कुणीच सांगितलं नाही. पोरगी अजून विचारते, “बाबा, मीच पहिली आले होते ना?” तिला काय सांगू?

शिवाय शाळा मराठी, कन्नड जेमतेम. तिथल्या सूचना तिला कळतील का?

प्रतिसाद (बेळगावची एक आई)

दादा, माझा मुलगा केएलईच्या सुवर्ण जेएनएमसी तलावात सराव करतो, अशा बऱ्याच स्पर्धा पाहून झाल्यात.

आधी डीक्यूचं, म्हणजे बाद ठरवण्याचं. वेगाचा त्यात संबंध नसतो, पोहण्याची रीत चुकली की बाद. ब्रेस्टस्ट्रोकला भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, वळतानाही आणि शेवटीही. एक हात आधी लागला की संपलं. दुसरं कारण पाय. विहिरीत शिकलेली बरीच मुलं पाय कात्रीसारखे मारतात, एक वर एक खाली. पाण्यात ते जोरदार चालतं, पण ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात बसत नाही. दोन्ही पाय बरोबरीनं, पावलं बाहेर वळवून मागे ढकलायची. सरांना काठावर बसून फक्त तिचे पाय बघायला सांगा, तलावाच्या दोन फेऱ्यांत कळेल. लेकीला सांगा, तू पहिलीच पोचली होतीस, पण रीत चुकल्यावर वेळ धरत नाहीत. लपवू नका, मुलांना समजतं.

पुन्हा कधी असं झालं तर पंच कारण लिहून रेफरीकडे देतात, ते सरांनी विचारायचं. हरकत घ्यायची तर शर्यत संपल्यापासून 30 मिनिटांत, तीही संघाच्या जबाबदार व्यक्तीनं. आईबापांनी पंचांशी हुज्जत घालून काही निघत नाही.

एनटी म्हणजे ‘नो टाइम’, आधीची वेळ नोंदलेली नाही. अशा मुलांना सुरुवातीच्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्या गटात, घालतात. ज्यांची वेळ चांगली ती शेवटच्या हीटमध्ये, त्यातही सगळ्यात वेगवान मूल मधल्या लेनमध्ये, आठ लेन असल्या तर चारमध्ये. हिला कडेची लेन आली तर वाईट वाटून घेऊ नका. टाइम्ड फायनल असेल, म्हणजे वेगळी अंतिम फेरी नसेल, तर सगळ्या हीटच्या वेळा एकत्र लावून नंबर काढतात. म्हणून हीटमध्ये पहिली येऊनही मेडल नाही, असं होतं, आणि पहिल्या हीटमधल्या पोरीनं मेडल नेलेलंही मी पाहिलंय. ते तिला आधीच सांगून ठेवा. ही वेळ पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर लागते, पहिल्या खेपेची खरी कमाई तीच.

बसवनगुडीचा तलाव 50 मीटरचा आहे, म्हणजे तिच्या दोन्ही शर्यतींना वळणच नाही. मात्र 25 मीटरच्या तलावात मध्ये भिंतीला ढकलून वेग मिळतो, तो इथे मिळणार नाही. वेळ थोडी जास्त आली तर घाबरू नका.

भाषेची काळजी सोडा. अशा स्पर्धांत स्टार्टरची, म्हणजे शर्यत सुरू करणाऱ्या पंचाची, आज्ञा इंग्रजीत असते आणि बाकी काम शिट्टीवर चालतं. आधी काही छोट्या शिट्ट्या, म्हणजे तयार व्हा. मग एक लांब शिट्टी, ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर चढायचं. “टेक युअर मार्क्स” म्हटलं की वाकून स्तब्ध. त्यानंतर हललं आणि सिग्नलआधी उडी गेली की थेट बाद, दुसरी संधी नाही. घरी पाटावर उभं करून शिट्टीचा सराव घ्या.

इव्हेंट, हीट, लेन हे तीन आकडे तिच्या मनगटावर पेनानं लिहा, सगळी मुलं तसंच करतात. नाव पुकारायच्या आधी कॉल रूमपाशी, म्हणजे शर्यतीआधी मुलं जमतात तिथे, पोचायला हवं, उशीर झाला तर शर्यत गेली. वयाचा गट 31 डिसेंबरच्या वयावर ठरतो, जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, फार आभार. पायांचं तुम्ही म्हणता तेच असणार, उद्याच सरांना दाखवतो. आम्हाला तलावाच्या काठाशी सोडतात का?

बेळगावची आई

शक्यतो नाही, गॅलरीत बसावं लागतं. काठावर सर असतात. तिच्या पिशवीत टॉवेल दोन द्या, पहिला वॉर्मअपमध्येच भिजतो. केळी, राजगिऱ्याचे लाडू असू द्यात, शर्यतीआधी पोटभर जेवण नको.