शब्दचर्चा : ‘डिजिटल अरेस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

खामलेकर
आमच्या सोसायटीत चव्वेचाळीस घरं, निम्मी निवृत्त माणसांची. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. फोनवर पोलीस असल्याचं सांगून, माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून पैसे उकळणाऱ्यांबद्दल नोटीस बोर्डासाठी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लिहिलं, ‘डिजिटल अटकेपासून सावध राहा’. काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी ते वाचत उभे होते. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. मला म्हणाले, “ही अटक कोणत्या कलमाखाली होते रे? आणि जामीन कुठे मिळतो?”

मी गार पडलो. सावध करायला लिहिलेल्या ओळीनेच त्यांना सांगितलं होतं की अशी एक अटक असते. कागद काढून घेतला. आता मराठी शब्द हवा आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला पहिल्या वाचनात कळला पाहिजे, मथळ्यात मावला पाहिजे, आणि हे काहीतरी कायद्यातलं आहे असं त्यातून वाटता कामा नये. रविवारी सभा आहे.

लघुलेखक (निवृत्त)
कोर्टात तेहेतीस वर्षं काढली. गुरुजींचा प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ४३ मध्ये अटक कशी करायची ते दिलं आहे. अटक करणाऱ्याने त्या माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष हात लावायचा किंवा त्याला अडवून ठेवायचं. माणूस शब्दाने वा कृतीने स्वतः ताब्यात आला तर तेवढी गरज नाही. पुढे चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. मोबाइलच्या पडद्यातून कोणी कोणाला ताब्यात घेत नाही. तेव्हा ‘अटक’ हा शब्द तिथे एकटा नकोच. तक्रारीत नेहमी येणारा शब्द आहे ‘बतावणी’. ‘पोलीस असल्याची बतावणी करून’ हे मी किती वेळा टंकलं असेल! माझी सूचना: ‘अटकेची बतावणी’.

वऱ्हाडी माणूस
बतावणी पुस्तकी होते जी. आमच्या मायले समजणार नाही. तिले ‘गंडवलं’ म्हटलं का एका शब्दात समजते. ‘पोलीस बनून गंडवून राहिले’ असं लिहा न, काऊन येवढा विचार करून राहिले?

वडसाकर
बतावणी पुस्तकी? तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी असते, लोक पोट धरून हसतात. हा शब्द फडावरचा आहे. पण मला तो इथे नको वाटतो, आणि ‘सोंग’ही नको. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्र नाटकं होतात, दंडार हे लोकनाट्य होतं. सोंग घेणारा माणूस समोरच्यांना आनंद देतो आणि समोर बसलेल्यांना ते सोंग आहे हे माहीत असतं. फोनवरचा हरामखोर खाकी घालतो, मागे ठाण्याचा पडदा लावतो, टेबलावर ध्वज ठेवतो. नेपथ्य आमचंच, पण प्रेक्षकाला नाटक आहे हे सांगितलेलं नाही. कलेचा शब्द त्याला देऊ नका.

शुद्धमराठी
इतका घोळ कशाला? ‘आभासी अटक’. आभासी म्हणजे जी नाही ती. अर्थ शब्दातच आहे. ‘डिजिटल’साठी कोणी ‘अंकीय’ म्हणतील तर तेही चालेल. नवे शब्द सुरुवातीला खटकतातच. ‘महापौर’ सावरकरांनी दिला तेव्हा लोकांना तो सहज पचला नसणार. आज आपण त्याच्याशिवाय बोलत नाही. डॉ. रघुवीरांनी तर आपल्या नागपुरात बसून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्याच शहरात आपण एका शब्दासाठी इंग्रजीपुढे हात टेकायचे?

धरमपेठकर
शुद्धमराठी, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण ही गोष्ट आमच्या घरात घडली आहे म्हणून बोलते.

माझे मामा एकाहत्तर वर्षांचे. सकाळी फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग व्हिडिओ कॉल, मग ‘साहेब’. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, कोणाला सांगितलं तर त्यांनाही आत घेऊ. दोन रात्री. मामांनी आंघोळीला जायची परवानगी मागितली. मामी सारखी विचारत होती, मामा म्हणत होते ऑफिसचं जुनं काम निघालंय. तिसऱ्या दिवशी ‘पडताळणीसाठी’ पैसे पाठवले. बँकेत समोर बसलेल्या मुलाने एवढी मोठी रक्कम का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही.

त्यांना त्या दोन दिवसांत मराठी शब्द एकही ऐकू आला नाही. ‘आप डिजिटल अरेस्ट में हैं’, एवढंच. उद्या बोर्डावर ‘आभासी अटक’ वाचलेल्या माणसाला फोनवर ‘डिजिटल अरेस्ट’ ऐकू आलं, तर हे तेच आहे हे त्याला कसं कळणार? कानावर जे पडणार आहे तेच बोर्डावर असायला हवं.

आणखी एक. मामा सगळ्यांना सांगतात, “मी फसलो.” मला तो शब्द सहन होत नाही. पाय घसरावा तसं ‘फसलो’. यात दुसरा माणूसच नाही! मी त्यांना म्हणते, “मामा, म्हणा मला फसवलं.” वर्तमानपत्रंही लिहितात ‘वृद्ध जाळ्यात अडकला’, ‘आमिषाला भुलला’. मामांना कसलंही आमिष नव्हतं, त्यांना भीती होती. शब्द शोधायचाच असेल तर करणारा दिसेल असा शोधा.

लघुलेखक (निवृत्त)
ताई, ‘फसलो’ची गोष्ट मनाला लागली. एवढी वर्षं जबाब लिहून घेतले, कधी ध्यानात आलं नाही.

बर्डीवाला
करणारा दिसायला हवा तर ‘नजरकैद’ पाहा. त्या माणसाला खरोखर कॅमेऱ्याच्या नजरेत कैद करून ठेवतात. शब्द जुना, सगळ्यांना माहीत, आणि इतका नेमका बसतो की जणू यासाठीच होता.

लघुलेखक (निवृत्त)
बसतो खरा, पण नजरकैद सरकारच करतं. गुरुजी पुन्हा विचारतील, आदेश कोणाचा?

इतिहासवेडा
‘अटक’ शब्दावर इतकं चाललंय म्हणून सांगतो, हा शब्द सिंधूकाठच्या अटक किल्ल्यावरूनच आला. तिथे माणूस अडायचा, म्हणून अटक. १७५८ मध्ये मराठे तिथवर पोचले, म्हणून अटकेपार झेंडे.

शुद्धमराठी
उलट आहे. अटकणे, अटकाव, अटकळ ही सगळी घरचीच मंडळी. किल्ला अकबराच्या काळातला, १५८० नंतरचा. भाषेला अडण्यासाठी अकबराची वाट पाहावी लागली नसेल.

इतिहासवेडा
‘अटकळ’ म्हणजे अंदाज, तो कसा त्या घरातला? आणि ‘अटक ते कटक’ म्हणताना लोक कटक विसरतात. १७५१ मध्ये ओडिशा रघुजी भोसल्यांनी नागपूरच्या राज्यात आणलं. पुण्याच्या अटकेचं कौतुक होतं, आपल्या कटकाचं कोणी नाव काढत नाही. हे मला खरंच लागतं.

खामलेकर
मंडळी, रविवार.

बर्डीवाला
मग सरळ ‘भामट्यांची कोठडी’ करा. भामटा कोणाला समजत नाही असं नाही.

विदर्भकन्या
हात जोडून विनंती, तो शब्द नको. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. राजपूत भामटा ही जमात आजही राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. शब्दकोशातून मात्र तो गेलेला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी आडनाव विचारलं की गप्प व्हायची. कारण मला फार उशिरा कळलं. मथळ्यात ‘भामट्याने गंडवले’ वाचताना तिच्या घरात काय होत असेल?

बर्डीवाला
मला माहीत नव्हतं. मागे घेतो. पण मग ‘ठग’ तरी? संस्कृत स्थगपासून आलेला, कोणाची जात नाही.

इतिहासवेडा
ठग तर आपल्या शेजारचाच विषय. इंग्रज अधिकारी स्लीमनने नरसिंहपूर-जबलपूर भागात बसूनच ठगांचा बंदोबस्त केला. पण ठग आधी वाटसरूचे सोबती व्हायचे, गोड बोलायचे. इथे पहिल्या वाक्यापासून धाक आहे. मला विचाराल तर ही फसवणूक नाहीच, खंडणी आहे.

लघुलेखक (निवृत्त)
धाक आहे, पण तो खोट्या ओळखीवर उभा आहे. तोतयेगिरी करून फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम ३१९. ‘तोतया पोलीस’ आपल्या वर्तमानपत्रांत कधीचा आहे. रस्त्यात म्हातारीला अडवून “पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा” म्हणणारे तेच. आता रस्त्यावरून घरात आले एवढंच.

इतिहासवेडा
तोतया! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एकजण उभा राहिला, माणसं जमवली, किल्ले घेतले, १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त दिला. मराठी माणसाला तोतया समजावून सांगावा लागत नाही.

वऱ्हाडी माणूस
हे मात्र जमलं. ‘तोतया’ आमच्या मायलेबी समजते. ते कलम ३१९ मात्र तिच्या ध्यानात राहणार नाही. ४२० गेलं म्हणतात, आता फसवणूक ३१८ मध्ये. पण गावात ‘चारशेवीस माणूस’ म्हणून राहिले तसेच म्हणत राहतील. कायदा बदलला म्हणून शिवी थोडीच बदलते?

शुद्धमराठी
‘चारशेवीस’ हा शब्दच इंग्रजी राजवटीचा अवशेष आहे. १८६० च्या दंडसंहितेचा आकडा आपण शिवी म्हणून जपायचा, आणि ‘आभासी’ला मात्र पुस्तकी म्हणायचं?

धरमपेठकर
अवशेष असो की काही. मामांना तो शब्द लगेच आठवला असता तर बरं झालं असतं.

खामलेकर
रविवार झाला. मथळ्याचा शब्द मिळाला नाही, म्हणून वाक्यं लिहिली:

‘फोनवर “डिजिटल अरेस्ट” असं कोणी म्हणालं, की फोन ठेवा. तो पोलीस तोतया आहे. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा.’

ताईंचं म्हणणं पटलं म्हणून ते दोन शब्द ऐकू येतात तसेच ठेवले. सभेत त्यावरूनही वाजलं, मराठी बोर्डावर इंग्रजी शब्द का म्हणून. गुरुजींनी ‘लगेच’खाली लाल पेनने रेघ मारली, कारण लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते. शेजारच्या इमारतीलाही सूचना हवी आहे, त्यांना मात्र मोठ्या अक्षरांत एकच शब्द पाहिजे. तेव्हा सुचत असेल तर अजूनही सांगा.

वऱ्हाडी माणूस
‘गंडा’चं राहून गेलं. मांत्रिक मंतरून गळ्यात गंडा घालते अन् पैसे घेते, त्यावरून ‘गंडा घालणं’ आलं असं मी धरून चाललो होतो.

वडसाकर
आमची आजी कवड्या मोजायची तेव्हा चाराचा एक गंडा. मोजताना एखादा गंडा लपवायचा, त्यावरून आलं असं ती म्हणायची.

वऱ्हाडी माणूस
लपवला तर ‘गंडा मारला’ म्हटलं असतं न जी. ‘घातला’ काऊन?