मँटिस श्रिम्प कोळंबीच्याच गटात येतो का?

खारीहवा:
रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलरची मासळी उतरवत होते तेव्हा कोळंबीच्या ढिगात चपटे राखाडी प्राणी दिसले, पुढे दुमडलेले काटेरी हात. खलाशी म्हणाला मँटिस श्रिम्प आहे, कोण घेत नाय. मग हे कोळंबीतच येतं का? आणि व्हिडिओत ठोसा मारून शिंपले फोडतो तो हाच का?

कवचधारी:
नाही हो, कोळंबी, शेवंड, खेकडे हे सगळे डेकापोडा म्हणजे दहा पायवाले, हा स्टोमॅटोपोडा, ऑर्डरच (गणच) वेगळी. वर्ग दोघांचा एकच, मॅलॅकॉस्ट्राका, पण उपवर्गापासूनच फाटा फुटतो. पुढच्या वेळी उलटा करून बघा, पोटाखालच्या पोहायच्या पायांना झुपके लटकतात ना, ते कल्ले आहेत, कोळंबीचे कल्ले डोक्याच्या कवचाखाली असतात. याचं कवच आखूड, छातीचे मागचे खंड उघडेच राहतात आणि चालायचे पाय तीनच जोड्या. तुम्ही हात म्हणताय ते खरंतर तोंडाजवळचे पाय, दुसरी जोडी.

दर्यावर्दी:
ठोसेवाला वेगळा. तो ओडोन्टोडॅक्टिलस स्किलारस, मोरासारखा रंगीत, प्रवाळात राहतो, हाताची टाच फुगीर हातोड्यासारखी. २००४ ला जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक यांच्या टीमने त्याच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला, पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात त्याचा शिंपल्याला दुसरा दणका बसतो. आपल्याकडचा बहुतेक मियाकेला नेपा, स्क्विलॉइडिया गटातला, बोटावर सहा अणकुचीदार काटे, मऊ शिकार भोसकतो. पण भोसकणारे आणि ठोकणारे असे दोनच गट पाडू नका प्लीज, ठोसेवाला ज्यात येतो त्या गोनोडॅक्टिलॉइडिया गटात दोन्ही सापडतात. वर्गीकरणात शेपटीच्या शेवटच्या तुकड्यावरच्या कडा आणि काटेही बघावेच लागतात.

खारीहवा:
भारी माहिती! आणि ते १२ रंगांचे डोळे? ते तरी याला आहेत ना?

कवचधारी:
तेही नाहीत. रंग टिपणाऱ्या १२ प्रकारच्या पेशी मोरवाल्यासारख्या जातींना, त्यांच्या डोळ्याच्या मधल्या पट्ट्यात सहा रांगा असतात, स्क्विलॉइडियात दोनच. आणि २०१४ च्या प्रयोगात तर सहा रांगवालेसुद्धा जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात माणसापेक्षा कच्चे निघाले, हे व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

दर्यावर्दी:
@खारीहवा परत गेलात तर शेपटीचा वरून क्लोजअप आणि हाताचं बोट उघडून एक फोटो टाका, जात नक्की करता येईल. शेपटीकडून पकडू नका, काटे बोटात घुसतात.