उद्या दसरा आणि गाडी अजून लाल मातीत, तासाभरात काय काय होईल?

कुंभार्ली_रिटर्न: मंडळी काल रात्री गुहागरहून पुण्याला आलो, चिपळूणपासून घाट संपेपर्यंत धो धो पाऊस. पांढरी स्विफ्ट पार गेरू फासलेल्या कुंडीसारखी झालीय आणि आत पोरांनी आणलेली बीचवरची वाळू. उद्या नऊला पूजा, वॉशिंग सेंटरला ही लाईन, सोसायटीत पाईप लावायला बंदी, फक्त बादली आणि तेही बोअरचं पाणी. बायको म्हणते फडक्याने पुसून टाक. पुसू का?

जुनी_झेन: कोरडं फडकं अजिबात नको!! ती माती म्हणजे पॉलिश पेपर, पुसलीत की उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखडे दिसतील, मी एकदा केलंय अजून भोगतोय. आधी मगाने टपापासून खाली पाणी ओता, पाच मिनिटं भिजू दे, परत ओता. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचं फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि चाकं सगळ्यात शेवटी वेगळ्या फडक्याने. बोअरचं पाणी अंगावर वाळलं की पांढरे डाग पडतात म्हणून सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा. मडगार्डच्या आतली माती विसरू नका, तिथे ओल धरून गंज लागतो.

ताई_ऑन_व्हील्स: शाम्पू नसेल तर भांड्यांचं लिक्विड थोडंसं, एखाद वेळेस चालतं, रोज नको, रंगावरचं वॅक्स निघून जातं.
वाळूचं म्हणाल तर मॅट बाहेर काढून झटका, सीट पुढे-मागे सरकवून व्हॅक्युम. एसीच्या जाळीला रंगाचा जुना ब्रश, कोरडा. मॅट ओले असताना परत टाकू नका, दोन दिवसात कुबट वास. आणि डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश नको हो, समोरच्या काचेत रिफ्लेक्शन येतं. स्टिअरिंग आणि पेडलला तर मुळीच नाही, हात-पाय सटकतात.

जुनी_झेन: +१. डांबराचे ठिपके असतील तर फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, लगेच शाम्पूने धुवा.

झेंडू_४०_रुपये: एक राहिलं, कुंकवाचं स्वस्तिक. पांढऱ्या गाडीवर ओलं कुंकू महिनाभर ठेवलं होतं, अजून गुलाबी छटा आहे. संध्याकाळी पाण्याने काढून टाका, देव रागावत नाही. हाराचा दोरा पण बॉनेटवर घासतो, गाडी चालवण्याआधी काढा.

कुंभार्ली_रिटर्न: झाली! तास म्हणता म्हणता पावणेदोन लागले, सहा बादल्या पाणी. धुतल्यावर ब्रेक ओले लागत होते म्हणून हळूहळू एक चक्कर मारून आलो. वर आलो तर बाबा म्हणाले, स्कूटर कोण धुणार?