मदत हवी आहे: आजोबांच्या कोयतीची मूठ बाबांच्या कोयतीला बसवायची आहे

मंडळी, अडचण जरा गुंत्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वेंगुर्ले तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा पडवीच्या वाशात खोचलेल्या दोन कोयत्या पुण्याला घेऊन आलो. एक आजोबांची. धार लावून लावून तिचं पातं निम्मंही उरलेलं नाही आणि चोचीजवळ तडा गेलाय, त्यामुळे तिने आता काही तोडता येणार नाही. पण मूठ अजून खणखणीत आहे. काळपट तांबूस लाकूड आहे, बहुधा खैर. हाताच्या घामाने आणि खोबरेल तेलाने गुळगुळीत झालंय, अंगठा टेकतो तिथे थोडा खळगा पडलाय. माझा अंगठा त्या खळग्यात नेमका बसतो.

दुसरी बाबांची. गाडीच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पोलादातून गावच्या लोहाराने करून दिलेली. पातं जाड, धार उत्तम. तिची मूठ मात्र उभी चिरलीय, एका बाजूने तुकडाच निघालाय. वसवीही, म्हणजे मुठीच्या तोंडावरचं धातूचं कडं, कधीतरी गळून पडली. बाबा शेवटची काही वर्षं तिला सुतळी गुंडाळून वापरत होते.

बाबा गेल्या वर्षी गेले. आता माडाच्या झावळ्या साफ करायला, शहाळी सोलायला, कुंपणाची काटी तोडायला वर्षातून तीन-चार वेळा मीच गावी जातो. म्हणून आजोबांची मूठ बाबांच्या पात्याला बसवायची आहे. भिंतीवर टांगायला नको, कामाला हातात धरता येईल अशी हवी.

पात्याच्या मुठीत जाणाऱ्या निमुळत्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. आजोबांच्या कोयतीचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन बुडाशी वळवलेलं आहे. मूठ १३ सेंटीमीटर लांब. तोंडाशी शेपूट १० मिलिमीटर रुंद दिसतं. बाबांच्या कोयतीचं शेपूट चिरेतून मोजता आलं: लांबी ११ सेंटीमीटर, तोंडाशी रुंदी ८ मिलिमीटर. म्हणजे ते आखूडही आहे आणि बारीकही.

आजोबांची मूठ न फुटता निघेल कशी? दोन सेंटीमीटर कमी पडतात त्याचं काय करायचं? आणि भोकातली फट लाखेने भरू की एपॉक्सीने? मूठ कापून आखूड करायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगतो.

खाडीकाठ:
फट असेल तर बसवून झाल्यावर कोयती रात्रभर पाण्यात उभी करून ठेवा. लाकूड फुगतं आणि घट्ट धरतं. आमच्याकडे सगळे हेच करतात.

लाकूडवेडा:
पाण्याचा उपाय करू नका, कळकळीने सांगतो. लाकूड फुगतं हे खरं, पण शेपटाभोवती त्याला फुगायला जागा नसते, म्हणून आतले तंतू दबून चुरडतात. सुकल्यावर ते पूर्वीच्या मापावर येत नाहीत, भोक आधीपेक्षा मोठं होतं. परत पाण्यात घातलं की आणखी मोठं. शिवाय आत शेपूट गंजतं. खैर असेल तर त्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की लाकूड आतून काळं पडतं. भादव्यात घट्ट आणि वैशाखात खुळखुळणाऱ्या कोयत्यांची अर्धी गोष्ट इथेच आहे.

आता मूठ काढण्याबद्दल. दोन्ही कोयत्यांना वेगळी रीत लावा. आजोबांच्या कोयतीची मूठ वाचवायची आहे, पात्याची फिकीर नाही. बाबांच्या कोयतीचं पातं वाचवायचंय, मुठीची फिकीर नाही. हे लक्षात ठेवलंत तर बहुतेक प्रश्न सुटतील.

आजोबांची आधी. बुडाशी वळवलेलं टोक सरळ करत बसू नका. थंड असताना वाकवलंत तर मोडेल किंवा लाकूड उचकटेल. तापवलंत तर लाकूड जळेल. त्यापेक्षा कानशीने ते घासून लाकडाच्या सपाटीला आणा. मग कोयती वाइसमध्ये पात्याला धरून पकडा आणि मुठीच्या वर दोन-तीन बोटं अंतरावर पातं ब्लो टॉर्चने तापवा. मुठीवर ओलं फडकं गुंडाळा, ज्योत लाकडाकडे वळू देऊ नका. पातं निकामी असल्यामुळे त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं तरी चालेल. उष्णता शेपटातून आत जाते आणि लाख असेल तर मऊ होते. लाख साधारण ७०-८० अंशांनाच सैल पडते, त्यामुळे पातं लाल करायची गरज नाही. मग बुडाकडून पंच लावून शेपूट पात्याच्या दिशेने ठोका. ते निमुळतं असतं, एकदा हललं की लगेच सुटतं. मूठ पिळून काढू नका, चौकोनी शेपूट भोकात फिरलं की चीर पडलीच.

बाबांच्या पात्याला मात्र आग दाखवू नका. पाट्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर (लाल तापवून झटकन थंड केल्यावर) बेताच्या उष्णतेने नरम केलेलं असतं. धारेवर निळा रंग आला तर समजा ३०० अंशांच्या आसपास गेलं, आणि मग ती धार टिकणार नाही. तिथे चिरलेली मूठ चिरेतच पटाशी घालून फोडा. दहा मिनिटांचं काम.

फटीसाठी लाख की एपॉक्सी, हे शेपूट आरपार जाऊन वळतंय की नाही त्यावर ठरेल. वळत असेल तर झटक्याचा सगळा ताण त्या वळलेल्या टोकावर येतो. भरण फक्त खुळखुळू देत नाही, म्हणून लाख पुरते. नुसतं आत खुपसून ठेवायचं असेल तर लाख ठिसूळ पडते, एपॉक्सीच हवं. तेही २४ तास घेणारं, पाच मिनिटांचं नको. आणि जुन्या मुठीत खोबरेल मुरलेलं असतं, त्याला काहीच चिकटत नाही. आधी भोक स्पिरिटने दोन-तीनदा पुसून काढा.

मी असतो तर लाखच घेतली असती. पुढे कुणाला ही मूठ पुन्हा काढायची झाली तर काढता येईल.

मालवणी माणूस:
शेपूट दोन सेंटीमीटर कमी आसा म्हणान घाबरू नका. वेल्डिंगय नको. लोहाराकडे घेवन जावा. शेपूट भट्टीत लाल करून ऐरणीर ठोकल्यान की लांब होता. पात्याक ओलो गोणपाट गुंडाळूक सांगा. आमच्या घरच्या कोयत्येचा शेपूट असाच वाढयलेला आसा, पंधरा वर्सां झाली, अजून हलूक नाय.

लाकूडवेडा:
+१. वेल्डिंग का नको तेही सांगतो. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्ड भरभर थंड झाला की शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच तुटतो. ठोकून वाढवलेलं शेपूट अखंड राहतं. लोहाराला सांगून दोनऐवजी साडेतीन सेंटीमीटर वाढवून घ्या, बुडाशी वायसर घालून वळवायला पुरेल. नंतर ते राखेत हळूहळू थंड होऊ द्या, म्हणजे नरम राहील आणि वळवताना मोडणार नाही.

रानवाट:
एक काळजी वाटते. कोयती फिरवताना पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. सुटलं तर ते समोर उभ्या असलेल्या माणसाकडे जाणार. वसवी घातल्याशिवाय ती कामाला काढू नका. पितळी किंवा लोखंडी पाइपचं सेंटीमीटरभर कडं कापून मुठीच्या तोंडावर घट्ट ठोकून बसवा, आणि तेही शेपूट घालण्याआधी. आजोबांच्या मुठीला आहे का वसवी?

आणि मनात किंतू असेल तर कामासाठी धामणीच्या लाकडाची नवी मूठ करून घ्या. कुऱ्हाडीच्या दांड्यांना धामण वापरतात ती उगाच नाही, लवचीक असते आणि झटका खाते. जुनं खैराचं लाकूड कठीण खरं, पण केसाएवढी जरी चीर असेल तरी भरवसा नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट, वसवी आहे, पितळेची, घट्ट आहे. तुमची भीती रास्त वाटली म्हणून मूठ उन्हात धरून भिंगाने पाहिली. बुडाशी एक बारीक रेघ होती, पण नखाला लागली नाही, सुतार शेजाऱ्यांनीही ती वरवरची असल्याचं सांगितलं. तरी पहिला दिवस एकटाच असताना जमिनीवरच्या लाकडावर घाव घालून बघेन, माडावर नेणार नाही.

काल आजोबांची मूठ सुटली! लाकूडवेडा यांनी सांगितलं तसंच केलं. पंचच्या तिसऱ्या ठोक्याला शेपूट हललं. पण आत लाख निघाली नाही. शेपटाभोवती काथ्या गुंडाळलेला होता, काळा पडलेला आणि अजूनही घट्ट. आणि भोकात टॉर्च मारला तर तापलेलं शेपूट घालताना जळल्याच्या दोन खुणा दिसल्या. एक या शेपटाच्या मापाची. दुसरी तिच्याबाहेर, जास्त रुंद. म्हणजे ही मूठ आधी तिसऱ्याच, मोठ्या शेपटाच्या कोयतीला होती. आजोबांनीही ती कुठूनतरी काढूनच या कोयतीला बसवली होती. काथ्या का घातला तेही कळलं.

बाबांचं पातं गणपतीला जाईन तेव्हा लोहाराकडे नेतो. तोवर एकच विचारतो: फट आता माझ्या अंदाजापेक्षा मोठी आहे. आजोबांसारखा काथ्याच गुंडाळू का?

लाकूडवेडा:
काथ्या नको. तो ओल धरून ठेवतो. काढलेलं शेपूट बघा, काथ्या होता तिथे गंजाने खड्डे पडले असतील. बांबूच्या पातळ चिपा चारही बाजूंनी आधी कोरड्याच बसवून बघा, शेपूट मधोमध येईल. मग चिपा तशाच ठेवून लाख वितळवून ओता, शेपूट कोमट करून आत ढकला, आणि थंड झाल्यावरच टोक वायसरवर वळवा. बाहेरून जवसाचं तेल लावा, खोबरेल वाळत नाही. तेल लावलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा. आणि कोयती उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवायची नाही, लाख मऊ पडेल.

धागाकर्ता:
शेपूट पाहिलं. काथ्या होता तिथे खड्डे आहेत, मिलिमीटरभर खोल. बांबूच्या चिपा आजच काढायला घेतो. काथ्या डबीत ठेवलाय.