मदत हवी आहे: इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा?

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम आहे. सध्या मराठी शाळेतल्या पाचवीच्या पोरांसाठी इंग्रजी वाचनाची पुस्तिका करतोय. कॉलम अरुंद, त्यामुळे शब्द तुटतातच. अमेरिकन पद्धत उच्चार बघते, जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाची घडण. म्हणून 'नॉलेज' (knowledge) अमेरिकन पद्धतीत एलनंतर तुटतो, ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यूनंतर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर सीनंतर, क्रियापद असेल तर पहिल्या ईनंतर; सॉफ्टवेअरला हा फरक कुठला कळायला? 'थ्रू'सारखा एकाच सिलेबलचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्द तोडायचाच नाही, एवढं पक्कं. पोरं जसं छापलेलं दिसेल तसंच वाचतात, म्हणून काळजी वाटते. बेळगाव-निपाणीकडच्या इंग्रजीच्या सरांनी, बाईंनी कृपया सांगावं, कुठली पद्धत धरू? की हायफन बंद करून उजवी कड मोकळीच सोडू?